टीव्हीवरचे बुकी आणि घोड्यांच्या रेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश आणि अमेरिकन मालिका बघताना बुकी, रेस आणि सट्टा यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची ही उत्तरं. काही कथानकं उघड होणार आहेत. ज्यांनी 'पीकी ब्लाइंडर्स' अजून पाहिली नाही, त्यांनी दुसरा प्रश्न सोडून पुढे जावं.

टीव्हीवरचा बुकी कायम गुंडच का असतो?

ब्रिटनच्या कायद्यानं त्याला शंभरहून जास्त वर्षं गुन्हेगारांच्या पंगतीला बसवलं होतं म्हणून. १८५३ च्या कायद्यानं सट्ट्याचे अड्डे बंद केले आणि १९०६ च्या कायद्यानं रस्त्यावर पैज घेणं गुन्हा ठरवलं. रेसकोर्सवर मात्र पैसे लावायला मुभा होती, आणि ज्याची बाजारात पत होती तो घरबसल्या तारेनं किंवा फोननं उधारीवर खेळू शकत होता. म्हणजे साहेबांचा शौक कायदेशीर आणि कारखान्यातल्या कामगाराचे सहा पेन्स बेकायदेशीर. कामगार खेळायचा थांबला नाहीच. गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला बुकीचा माणूस चिठ्ठ्या आणि नाणी गोळा करायचा, आणि पोलीस हप्ता घेऊन अधूनमधून नावापुरती अटक करायचे. रोखीच्या सट्ट्याची दुकानं कायदेशीर झाली ती १ मे १९६१ पासून.

दुसरं कारण वसुलीचं. १८४५ च्या कायद्यानुसार पैजेचं देणं कोर्टात जाऊन वसूल करता येत नसे. बुकीला गिऱ्हाइकावर दावा लावता येत नसे आणि गिऱ्हाइकाला बुकीवरही नाही. ही स्थिती थेट १ सप्टेंबर २००७ ला बदलली. पटकथा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? कोर्टाचा दरवाजा बंद म्हटल्यावर कर्जदाराच्या दारात दांडगा माणूस उभा करणं सोपं जातं. प्रत्यक्षात नावाजलेले बुकी असं प्रकरण टॅटरसॉल्स कमिटीकडे, म्हणजे सट्ट्याची भांडणं मिटवणाऱ्या मंडळाकडे नेत. पैसे बुडवणाऱ्याला रेसकोर्सवर पाऊल ठेवायची बंदी होई, आणि त्या वर्तुळात वावरणाऱ्याला एवढी नाचक्की बास होती. कमिटीची बैठक पडद्यावर रंगत नाही, म्हणून ती कधी दिसतही नाही.

'पीकी ब्लाइंडर्स'मध्ये दाखवलंय त्यातलं खरं किती?

वातावरण बरंचसं खरं, माणसं आणि तारखा बऱ्याचशा जुळवलेल्या. बीबीसीची ही मालिका २०१३ ते २०२२ या काळात आली आणि तिची गोष्ट १९१९ मध्ये सुरू होते. पण याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या बर्मिंगहॅमच्या खऱ्या टोळ्या १८९० च्या दशकातल्या. गल्लीत दहशत माजवणारी ती पोरं होती. रेसच्या धंद्यावर त्यांचं राज्य नव्हतं. बर्मिंगहॅमचे इतिहासकार कार्ल चिन हे वारंवार सांगत आले आहेत, आणि ते स्वतः बुकींच्या घराण्यातले आहेत.

बिली किंबर मात्र खरा. बर्मिंगहॅमच्या टोळीचा तो म्होरक्या होता आणि अनेक रेसकोर्सवर त्याचा शब्द चाले. मालिकेचा नायक टॉमी शेल्बी त्याला पहिल्याच सीझनमध्ये गोळी घालतो. खरा किंबर १९४५ मध्ये टॉर्कीला आजारपणात गेला. त्याचा लंडनचा प्रतिस्पर्धी डार्बी सबिनीही खरा. तोही गोळीनं न मरता १९५० मध्ये होव्ह इथे वारला. पहिल्या सीझनमध्ये शेल्बी कुटुंबाला मिळणाऱ्या कायदेशीर परवान्याचा मोठा गाजावाजा होतो. बुकीला असा सरकारी परवाना देण्याची पद्धत १९१९ मध्ये नव्हतीच. आजच्या परवाना पद्धतीचं मूळ १९६० च्या कायद्यात आहे.

या टोळ्या पैसे कशा काढायच्या, हा सगळ्यात मजेदार भाग मालिकेत जवळजवळ नाहीच. बुकीच्या फळ्यावरचे भाव सारखे बदलत असतात, तेव्हा खडू पुसायला ओला स्पंज लागणारच. टोळीचा एक माणूस बादली आणि स्पंज घेऊन रांगेतून फिरे, प्रत्येकाच्या फळ्यावर एक हात मारी आणि त्याचे पैसे घेई. खडू, बसायचं स्टूल, धावणाऱ्या घोड्यांची छापील यादी, सगळं त्यांच्याकडूनच घ्यायचं आणि ते सांगतील त्या भावानं. नको म्हणणाऱ्या बुकीभोवती ऐन गर्दीच्या वेळी भांडण उभं राही आणि त्याचं गिऱ्हाईक पांगे. खंडणीचं हे इतकं फुटकळ, रोजचं रूप मालिकेतल्या वस्तरा लावलेल्या टोपीपेक्षा मला जास्त भीतिदायक वाटतं. आणि गुंडगिरीतही गोंधळ असतोच. जून १९२१ मध्ये एप्सम डर्बीच्या दिवसांत बर्मिंगहॅमच्या टोळीनं सबिनीची माणसं समजून एका गाडीवर हल्ला चढवला. गाडीत बसले होते त्यांच्याच बाजूचे, लीड्सचे बुकी.

मालिकेत बुकी नेहमी घोडा हरावा म्हणून धडपडतो. त्याची कमाई खरंच त्यावर असते का?

एखाद्या घोड्यावर फार पैसा चढला असेल तर तो हरलेला बुकीला हवाच असतो. पण धंदा त्यावर चालत नाही. चार घोड्यांची रेस घ्या. बुकीनं भाव दिले आहेत ६/४, २/१, ४/१ आणि ५/१. ६/४ म्हणजे चार पौंड लावले तर सहा नफा, शिवाय आपले चार परत.

आता समजा पहिल्या घोड्यावर ४० पौंड आले, दुसऱ्यावर ३३ पौंड ३३ पेन्स, तिसऱ्यावर २० आणि चौथ्यावर १६ पौंड ६७ पेन्स. एकूण जमा ११० पौंड. पहिला आला तर चाळीसवर साठ नफा आणि मूळ चाळीस, म्हणजे १०० द्यायचे. दुसरा आला तरी १००, तिसरा आला तरी १००, चौथा आला तरी १०० च. घोडा कोणताही येवो, १० पौंड बुकीच्या पिशवीत. हा गाळा भावातच लपवलेला असतो. चारही भावांच्या शक्यता टक्क्यांत काढून बेरीज केली की १०० ऐवजी ११० येते ती त्यामुळेच.

अर्थात पैसे असे मापात येत नाहीत. एकाच घोड्यावर झुंबड उडाली की बुकी त्याचा भाव पाडतो आणि बाकीच्यांचे वाढवतो, म्हणजे पैसा दुसरीकडे वळावा. तरीही वजन एकाच बाजूला राहिलं तर तो स्वतः दुसऱ्या बुकीकडे त्याच घोड्यावर पैसे लावून आपला बोजा उतरवतो. त्याच्या शेजारी जाडजूड वही घेऊन बसलेला कारकून दर मिनिटाला सांगत असतो की कोणता घोडा आला तर किती द्यावे लागतील. रेसकोर्सवरचा खरा ताण या वहीत असतो, आणि रेस सुटते तेव्हा बुकीचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. कॅमेरा मात्र त्याच क्षणी वहीवरून उठून घोड्यांकडे जातो. टीव्हीची सगळ्यात मोठी चूक कोणती असं कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन. बुकी धाडसी जुगारी म्हणून रंगवला जातो, आणि जुगार जेवढा कमी करता येईल तेवढा कमी करणं हाच तर त्याचा पेशा आहे.

फोन तोडून, खबर अडवून बुकींना लुबाडायचे डाव दाखवतात. असं कधी झालंय?

झालंय, आणि पटकथेपेक्षा नीट आखून.

त्यासाठी एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. दुकानात पैसे लावणाऱ्याला पूर्वी बहुधा स्टार्टिंग प्राइसनं पैसे मिळत, म्हणजे रेस सुटताना रेसकोर्सवर चाललेल्या भावानं. शहरात एखाद्या घोड्यावर अचानक पैसा पडू लागला की मोठ्या कंपन्या आपल्या माणसाला फोन करून रेसकोर्सवर त्याच घोड्यावर पैसे ओतायला लावत. तिथला भाव पडला की शहरातली देणीही आपोआप उतरत. डाव यशस्वी व्हायचा तर हा निरोप पोहोचता कामा नये.

१६ जुलै १९५३ ला बाथच्या रेसकोर्सची फोनची तार सरळ कापून टाकली गेली. फ्रँकासल नावानं त्या दिवशी धावलेला घोडा खरं तर सँटा अमारो नावाचा, त्याहून कितीतरी वेगवान घोडा होता. तो १०/१ भावानं जिंकला. कटवाले पुढे तुरुंगात गेले.

२६ ऑगस्ट १९७४ चा 'गे फ्यूचर'चा डाव यापेक्षा देखणा. जागा निवडली कार्टमेल, इंग्लंडच्या उत्तरेकडचा एक चिमुकला रेसकोर्स, जिथून बाहेर फोन लागणं मुळातच दुरापास्त, त्यात सुट्टीचा दिवस. तार कापायची गरजच नव्हती. घोडा घामाघूम आणि बिथरलेला दिसावा म्हणून त्याच्या अंगाला साबणाचा चुरा चोळला. लंडनच्या दुकानांमधून थोड्या थोड्या रकमेच्या जोडपैजा लावल्या: गे फ्यूचर आणि त्याच तबेल्यातले दुसरे दोन घोडे. दुकानदाराला जोडपैज आवडते, कारण दोन्ही घोडे जिंकायला हवेत आणि असं क्वचित होतं. पण ते दुसरे दोन घोडे धावलेच नाहीत. नियमाप्रमाणे न धावलेला घोडा पैजेतून गळतो आणि सगळे पैसे उरलेल्या घोड्यावर येतात. गे फ्यूचर १०/१ भावानं आरामात जिंकला. बऱ्याच बुकींनी पैसे द्यायला नकार दिला, खटला चालला, सूत्रधार दोषी ठरले, पण शिक्षा दंडावर निभावली. यावर थेम्स टेलिव्हिजननं पुढे 'मर्फीज स्ट्रोक' हे नाट्य केलं, त्यात तरुण पिअर्स ब्रॉस्नन आहे. बुकीला फसवणारे लोक प्रेक्षकाला नेहमी नायक वाटतात, हे त्यातही दिसतं.

घोडा रंगवून किंवा बदलून धावायला लावणं आज शक्य आहे?

जाणूनबुजून करणं फार कठीण, कारण आता घोड्यांच्या मानेत मायक्रोचिप असते. चुकून मात्र घडतं. २७ जुलै २०१७ ला यारमथला मँडरिन प्रिन्सेस ही घोडी ५०/१ भावानं जिंकली असं जाहीर झालं. रेसनंतर चिप तपासली तर ती तिच्याच तबेल्यातली मिलीज किस निघाली. गंमत म्हणजे वजन तपासून निकाल पक्का झाला की पैजांचे पैसे त्या निकालानुसारच चुकते होतात. नंतर घोडी बाद झाली तरी पैजांच्या हिशेबात फरक पडत नाही. मालिकांमध्ये चार दिवसांनी सत्य उघडकीला येतं आणि हरलेल्यांना पैसे परत मिळतात, तसं होत नाही.

पांढरे हातमोजे घालून विचित्र हातवारे करणारी माणसं कोण?

टिक-टॅक मॅन. मोबाइलच्या आधी रेसकोर्सच्या एका टोकाचे भाव दुसऱ्या टोकाला कळवायचा हाच मार्ग होता. हातमोजे लांबून दिसावेत म्हणून. मनगटाला हात म्हणजे ५/४, कानाला म्हणजे ६/४, खांद्याला ७/४, डोक्यावर ९/४. बुकी आपला बोजा उतरवायचा तोही याच इशाऱ्यांवर.

सर्वसामान्य प्रेक्षकाला ही भाषा ठाऊक झाली ती जॉन मॅक्रिरिकमुळे. चॅनल फोरवर बुकींच्या घोळक्यात उभा राहून, शिकाऱ्याची टोपी आणि भले मोठे कल्ले मिरवत, हात उडवत तो भाव ओरडून सांगायचा. लोकांना तो आवडायचा किंवा असह्य व्हायचा, मधली सोय नव्हती. २०१२ मध्ये चॅनलनं त्याला वगळलं. वयामुळे काढलं असा दावा त्यानं लावला आणि तो हरला. २०१९ मध्ये तो गेला. बुकी म्हणजे भडक कपड्यातला आरडाओरड करणारा विनोदी माणूस, ही टीव्हीची दुसरी प्रतिमा. ती रुजवण्यात त्याचा वाटा मोठा, आणि तो तर पत्रकार होता! टिक-टॅकवाले आता जवळजवळ संपले. मोबाइल आले, आणि २००० पासून बेटफेअरसारख्या एक्स्चेंजमुळे, म्हणजे लोक आपापसांत पैजा लावतात अशा ऑनलाइन बाजारामुळे, भाव पडद्यावर सेकंदासेकंदाला दिसू लागले.

सट्ट्याचं दुकान इतकं कळकट, उदास का दाखवतात?

ते तसं असावं अशी कायद्याचीच इच्छा होती. १९६१ ला दुकानं उघडली ती या अटीवर की रस्त्यावरच्या माणसाला आत यावंसं वाटता कामा नये. काचा झाकलेल्या, आराम करायची सोय नाही, टीव्ही नाही. रेसचं वर्णन स्पीकरवरून ऐकायचं आणि एक माणूस फळ्यावर भाव लिहीत राहायचा. दुकानात टीव्ही लावायला परवानगी मिळाली १९८६ मध्ये, आणि पुढच्या वर्षापासून उपग्रहावरून थेट चित्रं येऊ लागली. त्यामुळे १९७० च्या काळातल्या एखाद्या मालिकेत दुकानातले लोक टीव्हीकडे बघून ओरडताना दिसले तर समजावं की अभ्यास कमी पडला.

दैनंदिन मालिकांनी या दुकानांना जास्त न्याय दिला आहे. 'कोरोनेशन स्ट्रीट' डिसेंबर १९६० मध्ये सुरू झाली, म्हणजे दुकानं कायदेशीर व्हायच्या काही महिने आधी. तिच्यातला पीटर बार्लो बुकीचं दुकान चालवायचा. दारू आणि संसार यांतच त्याची जास्त त्रेधा उडायची. दुकान आपलं चालूच.

अमेरिकन मालिकांत रेसकोर्सवर बुकी का नसतात?

तिथे रेसकोर्सवर पॅरी-म्युच्युअल पद्धत आहे. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी ती आणली. सगळ्यांचे पैसे एका पेटीत जमतात, व्यवस्थापन साधारण १५ ते २५ टक्के कापून घेतं आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. भाव कोणी माणूस देत नाही, तो लोकांच्या पैशातूनच ठरतो. त्यामुळे अमेरिकन कथेतला बुकी रेसकोर्सच्या बाहेर, बारच्या मागच्या खोलीत फोनवर भेटतो आणि बहुतेकदा बेकायदेशीर असतो.

एचबीओची 'लक' या पद्धतीवर उभी आहे. कॅलिफोर्नियातल्या सँटा अनिटावर चित्रित झालेली, डस्टिन हॉफमनची. पहिल्याच भागात चार फाटके मित्र मिळून 'पिक सिक्स'चं तिकीट काढतात: सलग सहा रेसचे विजेते अचूक सांगायचे. शेवटच्या रेसला त्यांची नजर घोड्यावर असतेच, पण इतर किती जणांची तिकिटं अजून जिवंत आहेत याचीही धाकधूक असते, कारण पेटी तेवढ्या जणांत वाटली जाणार. लावणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते इतकं बारकाईनं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. निर्माता डेव्हिड मिल्च स्वतः रेसचे घोडे बाळगायचा, ते कळतं. चित्रीकरणादरम्यान तीन घोडे मेले आणि मार्च २०१२ मध्ये मालिका बंद केली गेली.

बुकी कधी खरंच बुडतो का?

२८ सप्टेंबर १९९६, अ‍ॅस्कॉट. जॉकी फ्रँकी डेटोरीनं त्या दिवशीच्या सातही रेस जिंकल्या. सातही घोडे एकत्र लावले असते तर भाव २५ हजारांच्या वर जात होता, आणि केवळ डेटोरीच्या प्रेमापोटी असे लावणारे हजारो निघाले. एका सुतारानं ६७ पौंड ५८ पेन्समध्ये साडेपाच लाखांहून जास्त पौंड नेले.

खरं नाट्य सातव्या रेसच्या आधीच्या अर्ध्या तासात होतं. पाच-सहा रेस झाल्यावर मोठ्या कंपन्यांना घाम फुटला. त्यांनी रेसकोर्सवर डेटोरीच्या सातव्या घोड्यावर, फुजियामा क्रेस्टवर, पैशांचा पाऊस पाडला, म्हणजे स्टार्टिंग प्राइस पडावी. सकाळी १२/१ असलेला घोडा २/१ वर आला. रेसकोर्सवरच्या बुकींच्या रिंगमधला गॅरी विल्टशायर हा बुकी हिशेब करत होता: घोड्यात तर काहीच बदललेलं नाही, भाव नुसता घाबरलेल्या पैशानं पडलाय, म्हणजे इतक्या कमी भावात पैजा घेणं हा फायद्याचा सौदा. त्यानं घेतच राहिलं. घोडा मानेइतक्या अंतरानं जिंकला आणि विल्टशायरला दहा लाख पौंडांहून जास्त देणं झालं. हिशेब चुकला नव्हता, निकाल उलटा लागला. त्यानं पुढची काही वर्षं ते देणं फेडलं. टीव्हीवरचा बुकी अशा वेळी पिशवी उचलून पळतो. तसे पळणारेही होते, पण ते छोट्या रेसकोर्सवर आणि छोट्या रकमांसाठी.

बायका बुकी नव्हत्याच का?

होत्या, कमी होत्या. पहिल्या महायुद्धानंतर लॅडब्रोक्सकडून हेलन व्हर्नेट रेसकोर्सवर उभ्या राहून पैजा घेत, आणि ते काम त्यांनी कित्येक वर्षं केलं. 'पीकी ब्लाइंडर्स'मधली पॉली हिशेब सांभाळते, ते तितकंसं काल्पनिक नाही.

रेसचं दृश्य खरं वाटतं का?

घोडे खरे असतात, वेळ खोटी. पाच फर्लांगांची रेस मिनिटाभरात संपते. मालिकेत तेवढ्यात दोन संवाद, एक आठवण आणि एक खून उरकतो. फेव्हरिट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा घोडा, हमखास हरतो हेही पडद्यावरच. प्रत्यक्षात साधारण तीनात एक रेस फेव्हरिटच जिंकतो, फक्त त्या भावात पैसे सुटत नाहीत.

सट्ट्याचं व्यसन टीव्ही नीट दाखवतो का?

फारसं नाही. पडद्यावर एक मोठी हार येते, घर गहाण पडतं, रडारड होते. खरी हार संथ असते. वर सांगितलेला तो दहा पौंडांचा गाळा रोज थोडाथोडा नेतो आणि मधूनमधून एखादी जीत देऊन बसवून ठेवतो. चाळीस मिनिटांच्या भागात हे बसवणं अवघड आहे, हे मान्य.

पण टीव्ही इथे तिऱ्हाईत नाही, हेही बघावं. ब्रिटनमध्ये बुकींच्या जाहिराती टीव्हीवर यायला लागल्या सप्टेंबर २००७ पासून, आणि थोड्याच काळात खेळांचं प्रक्षेपण त्यांनी भरून गेलं. आरडाओरड झाल्यावर ऑगस्ट २०१९ पासून धंद्यानं स्वतःहून रात्री नऊच्या आधी थेट खेळांच्या वेळी जाहिराती न दाखवायचं ठरवलं. त्यातून घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या रेस वगळल्या. रेसचं प्रक्षेपण त्याच पैशावर चालतं, हे उघड गुपित.

आजच्या बुकीवर मालिका का येत नाही?

खुर्चीत बसून संगणकाकडे बघणारा माणूस कोण बघणार! पण विषय आहे. ऑनलाइन कंपन्या सतत जिंकणाऱ्याचं खातं हेरतात आणि त्याची मर्यादा काही पौंडांवर, कधी पेन्सवर आणून ठेवतात. हरणाऱ्याला मात्र मोफत पैजांची आमिषं येत राहतात. रेसकोर्सवरचा जुना बुकी निदान समोरासमोर "तुझे पैसे घेत नाही" म्हणायचा.

यातलं आधी काय बघावं?

धुरकट गल्ल्या आणि टोळ्यांसाठी 'पीकी ब्लाइंडर्स'चा पहिला सीझन. पुढे रेस मागे पडते आणि राजकारण येतं. सट्टा समजून घ्यायचा असेल तर 'लक', नऊच भाग आहेत. सुरुवातीला रेसवाल्यांची भाषा डोक्यावरून जाते, मालिका काही समजावून सांगत नाही, पण चारही मित्रांचं तिकीट लक्षात ठेवलं की बाकीचं हळूहळू उलगडतं.